साडेनऊ वर्षांचा रोजमेळ: आमचं सीटीएलएस

वाईत आमचं किराणा दुकान होतं. रात्री फळ्या लागल्या की नाना रोजमेळ लिहायला बसत, आणि हिशेब जुळल्याशिवाय जेवायला उठत नसत. मे २०१६ मध्ये इथे विस्कॉन्सिनमध्ये मी विमान घेतलं, तेव्हा त्याच्यासाठी पहिली खरेदी केली ती तशाच एका लांबट वहीची. आता डिसेंबर २०२५ आहे आणि वही भरत आली आहे. गणपतीला मंडळात भेटणारं प्रत्येक जण विचारतं, "विमान बाळगायला येतो तरी किती खर्च?" त्याचं उत्तर आज आकड्यांत देते.

विमान म्हणजे फ्लाइट डिझाइन कंपनीचं सीटीएलएस, २०११ सालचं. दोन माणसांचं, पंख वर असलेलं, कार्बन फायबरचं. अमेरिकेत २००४ मध्ये 'लाइट स्पोर्ट' हा वर्ग सुरू झाला. त्याच्या तेव्हाच्या अटींप्रमाणे उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन जास्तीत जास्त ६०० किलो आणि सपाट उड्डाणातला वेग जास्तीत जास्त १२० नॉट (ताशी सुमारे २२२ किलोमीटर). त्याचा 'स्पोर्ट पायलट' परवानाही सुटसुटीत आहे, वैद्यकीय दाखल्याऐवजी गाडीचं लायसन्स चालतं. मी ८४,००० डॉलरना घेतलं तेव्हा इंजिनाचे ३१० तास झाले होते. आज १,०१० आहेत.

आधी गुण सांगते, कारण खर्च वाचून कुणी उगाच घाबरायला नको. केबिन १२४ सेंटिमीटर रुंद आहे, सेस्ना १७२ या चार आसनी विमानापेक्षाही ऐसपैस. माझे यजमान सहा फुटी आहेत, तेही मांडी आखडून बसत नाहीत. टाक्यांत ३४ गॅलन पेट्रोल मावतं आणि इंजिन तासाला साडेचार-पाच गॅलन पितं, त्यामुळे वाटेत उतरायची घाई कधीच नसते. आणि पॅराशूट आहे, माणसाला नव्हे, अख्ख्या विमानाला. हँडल ओढलं की रॉकेट सुटतं आणि विमान छत्रीखाली लोंबकळत उतरतं. ते ओढायची वेळ आली नाही, येऊ नये. पण घरच्यांना झोप त्याच्यामुळे लागते.

आता वही. साडेनऊ वर्षांत, खरेदी सोडून, ८३,१०० डॉलर गेले. म्हणजे विमानाची किंमत जवळजवळ दुसऱ्यांदा भरली गेली. एकूण उड्डाण ७०० तास, तासाला ११९ डॉलर. आणि यात पेट्रोल किती? साडेबारा हजार. शंभरातले पंधरा. विकत घेण्याआधी मी रात्र रात्र बसून गॅलनचे हिशेब मांडत होते, ते शंभरातल्या पंधरांचेच निघाले.

मोठं खातं हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं. महिना २०५ डॉलरपासून सुरुवात झाली, आज २६५ भरतो. एकूण २६,८०० च्या आसपास. त्यानंतर विमा, साडेपंधरा हजार. ही दोन्ही खाती विमान उडालं काय न उडालं काय, सारखीच चालतात. पहिल्या वर्षी नोकरीच्या पाळ्या आणि इथला हिवाळा यांत माझे जेमतेम ३१ तास झाले. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी एवढेच धरले तरी तासाला १५९ डॉलर पडले, त्यात पेट्रोलचा थेंब नाही. फोनवर नानांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बाळ, भाकड म्हैस वैरण कमी खाते का?" मी त्या रात्री नीट झोपले नाही.

पण ज्याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं ते खातं वेगळंच आहे: तारखांचं. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं, ऑस्ट्रियात बनतं. फार गुणी इंजिन आहे. मात्र त्याच्या सगळ्या रबरी नळ्या, कार्बोरेटरच्या बैठका, इंधनपंप हे दर पाच वर्षांनी बदलायचं असतं. विमान उभं असलं तरी रबर म्हातारं होतंच. माझी ती तारीख नेमकी २०१६ मध्ये होती, म्हणजे विकणाऱ्याने किंमत का उतरवली ते मला २,७५० डॉलर मोजल्यावर कळलं. पॅराशूटची घडी दर सहा वर्षांनी मोडून पुन्हा घालायची आणि रॉकेट बाराव्या वर्षी बदलायचं. २०१७ मध्ये २,१०० गेले. २०२३ मध्ये घडी आणि रॉकेट दोन्ही एकदम आले, ४,७००. रॉकेट स्फोटक म्हणून गणलं जातं, पाठवण्याचे सोपस्कार आणि खर्च वेगळाच, आणि तोवर विमान जमिनीवर.

म्हणून जुनं विमान बघायला जाल तेव्हा रंग आणि गाद्या नंतर बघा. आधी नोंदवही मागा आणि तीन तारखा शोधा: रबर कधी बदललं, रॉकेट कधीचं आहे, इंजिन कोणत्या सालचं आहे.

तिसऱ्या तारखेपाशी आम्ही आता येऊन ठेपलो आहोत. आमच्या इंजिनाच्या आयुष्याची कंपनीची शिफारस २,००० तास किंवा १५ वर्षं, जे आधी येईल ते. बसवण्याच्या मजुरीसह नवं इंजिन मी ३०,००० डॉलर धरते. दोन हजार तास वापरलं तर तासाला १५ डॉलरची झीज. पण आमची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात, तेव्हा तास असतील १,०४० च्या आसपास. तीच झीज तासाला २९ होते. अर्धं आयुष्य कॅलेंडरनेच खाल्लं.

२०१८ मधली एक नोंद लिहिताना अजून हात जड होतो. आडव्या वाऱ्यात मी घाईने उतरले, नाकाचं चाक आधी टेकलं आणि त्याचा पाय वाकला. चूक पूर्णपणे माझी. ३,९०० डॉलर आणि दीड महिना. हे विमान हलकं आहे, वारा त्याला लगेच ढकलतो. घेतल्यावर पहिले दहा तास याच जातीच्या विमानाची सवय असलेल्या प्रशिक्षकाबरोबर करा. ते पैसे वाचवू नका. २०१९ मध्ये एडीएस-बी (विमान कुठे आहे ते सतत कळवणारं यंत्र) बसवलं, ३,१००, कारण जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या आकाशात ते सक्तीचं झालं.

हिशेब फिरला तो २०२० मध्ये. शेजारच्या हँगरमधले एक निवृत्त दूधवाले शेतकरी (चाळीस गाई सांभाळलेला माणूस) निम्म्या भागीदारीत आले. नानांची म्हैस त्यांना सांगितली तेव्हा भाषांतर करावंच लागलं नाही. दोघांनी मिळून २०२२ मध्ये ११८ तास उडवलं. हँगर, विमा आणि तपासणीचा तोच खर्च तासाला ४३ वर आला. खर्च निम्मा झाला हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे विमान हलतं राहिलं.

२०२१ च्या सुरुवातीला आम्ही विमानाचा दाखला बदलून ते 'एक्सपेरिमेंटल' लाइट स्पोर्टमध्ये नेलं. त्याने विमान भाड्याने देण्याचा हक्क जातो, आम्हाला तो नकोच होता. बदल्यात मालकाने १६ तासांचा वर्ग केला की स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करून सही करता येते. भागीदारांनी तो वर्ग केला. मेकॅनिककडे जे १,०५० जात होते ते आता तेल, फिल्टर, प्लग धरून ३५० मध्ये भागतं. त्याच वर्षीचं रबरही आम्ही दोघांनी बदललं, १,४८० मध्ये, सहा शनिवार लावून. ज्यांना हातात पाना धरायची आवड नाही त्यांनी हा बदल करू नये, कारण सहीबरोबर जबाबदारीही आपलीच असते.

त्यात माझं काम कार्बोरेटरचे फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारे छोटे तुकडे, तोलायचं. हे फ्लोट पेट्रोल पिऊन जड होऊ शकतात, जोडीचं वजन सात ग्रॅमच्या वर जाता कामा नये. मी रुग्णालयात औषधनिर्माती होते, तोलण्यावर माझा जीव. पुण्याहून आणलेला सोनाराचा छोटा काटा हँगरच्या फळीवर कायमचा ठेवला आहे.

पेट्रोल आम्ही पंपावरून कॅनमधून आणतो, इथे ९१ ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं सहज मिळतं. विमानतळावरचं शिसंवालं १०० एलएल चालतं, पण सतत तेच घातलं तर तेल शंभर तासांऐवजी पन्नास तासांनी बदलावं लागतं. कॅनने भरायला तुमच्या विमानतळाची परवानगी आहे का, ते आधी विचारा.

२०२२ मध्ये युक्रेनमधल्या ज्या खेरसनमध्ये ही विमानं घडत होती त्या शहरावर रणगाडे आले. ज्यांच्या हातांनी आमचे पंख जोडले ते कुठे असतील, हा विचार त्या वर्षी प्रत्येक उड्डाणाला सोबत होता. पुढे कंपनीचं काम चेक प्रजासत्ताकातल्या शुम्पेर्क गावी गेलं.

आता नवं कुणी घेत असेल तर एक गोष्ट बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटला सेस्ना १७२ सारखी विमानंही चालवता येतात, प्रवासी मात्र एकच. त्यामुळे जुन्या सेस्नाही तुमच्या यादीत येतील. १७२ तासाला आठ-नऊ गॅलन पिते, पण तिला रॉकेटची तारीख नाही. वर्षाला पन्नास तासही होणार नसतील तर माझं मत स्पष्ट आहे: भाड्याने घ्या. इथे जवळच्या क्लबात तासाला १५० पडतात, आणि ८४,००० अडकून पडत नाहीत.

इंजिनाचं आम्ही ठरवलं आहे. एक्सपेरिमेंटलमध्ये असल्याने पंधरा वर्षांचा आकडा आमच्यावर कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून लगेच बदलणार नाही. दर तेलबदलाला चुंबकाच्या बोल्टवर धातूचा कीस आहे का पाहायचं, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, सिलिंडरचा दाब मोजायचा. यांतलं एक जरी बिघडलं तरी त्याच दिवशी थांबायचं. तोवर दर तासाला २९ डॉलर वेगळ्या खात्यात. २०२६ च्या रबराच्या नळ्यांचं खोकं कालच आलं, भागीदारांनी ते काट्याशेजारी ठेवलं आहे. संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी उघडू.