नॅप्रोक्सेन : कण्याच्या संधिवातावर काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

पहाटे पाठ आखडणाऱ्यांनी गोळी अंगात किती वेळ टिकते हे आधी बघावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा संधिवात आहे. आधी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक चालू होतं. दिवसा बरं वाटायचं, पण पहाटे कूस बदलताना जीव जायचा. मुलुंडहून सकाळची लोकल पकडायची तर त्याआधी कंबर मोकळी व्हायला हवी, आणि ती होतच नसे.

आयबुप्रोफेनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. रात्री जेवून घेतलेली गोळी पहाटेपर्यंत जवळजवळ संपते. नॅप्रोक्सेन निम्म्यावर यायला १२ ते १७ तास लागतात. डॉक्टरांनी मला ते ५०० मिलिग्रॅम, सकाळ-रात्र जेवणानंतर दिलं. पहिल्याच गोळीने फार फरक पडला नाही, कारण रक्तातली पातळी स्थिरावायला दोन-तीन दिवस जातात. नंतर मात्र सकाळ बदलली. वाकून चपला घालता येतात, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही दोन्ही औषधं कायरल आहेत. म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखी त्यांची दोन रूपं असतात, आर आणि एस. सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनणं मुख्यतः एस रूप रोखतं. आयबुप्रोफेनच्या नेहमीच्या गोळीत दोन्ही रूपं सारखी असतात. तरी आर रूप वाया जात नाही, त्यातला निम्म्याहून जास्त भाग शरीर, प्रामुख्याने यकृतात, एसमध्ये बदलतं. एसचं आर मात्र होत नाही. किती सुंदर आहे हे! नॅप्रोक्सेनच्या गोळीत थेट एस रूपच असतं.

जेवणावर घेतल्याने औषध रक्तात उशिरा पोहोचतं, पण एकूण शोषण कमी होत नाही. रक्तात ९९ टक्क्यांहून जास्त भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतो, यकृतात त्याचं रूपांतर होतं आणि बहुतेक सगळं लघवीवाटे जातं. जळजळ होऊ लागल्यावर डॉक्टरांनी सोबत पॅन्टोप्राझोल हे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध दिलं. बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) ठरावीक काळाने तपासावं लागतं, ते मी टाळत नाही. केमिस्टकडून परस्पर आणून महिनोन्‌महिने घ्यायची ही गोळी नव्हे.

मुंबईत पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. ताप आला की मी डॉक्टरांना लगेच फोन करते. मागे असा ताप आला तेव्हा त्यांनी डेंग्यूचा रिपोर्ट येईपर्यंत नॅप्रोक्सेन थांबवून फक्त पॅरासिटामॉल दिलं, कारण अशा गोळ्यांमुळे प्लेटलेटचं काम मंदावतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेवटचा डोसही अंगातून पुरता जायला दोन-तीन दिवस घेतो, म्हणून वाट न बघता फोन करायचा. गोळी थांबल्यावर पाठ लगेच आखडली नाही, हळूहळू आखडत गेली. रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर त्यांनीच गोळी पुन्हा सुरू केली.