फोनवर मराठी ई-बुकं: पावसाळ्यापासूनचा अनुभव आणि पैशांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यापासून मी मराठी पुस्तकं बहुतेक ई-बुक म्हणूनच घेतेय. अंबाजोगाईत नवं पुस्तक हवं असलं की लातूरला किंवा संभाजीनगरला कोण जाणारंय ते बघा, नाहीतर कुरिअरची वाट बघा. ई-बुक लगेच येतं, लाईट गेली तरी वाचता येतं. अक्षर मोठं होतं म्हणून आईही वाचायला लागली. फक्त पानांचे फोटो काढून केलेलं ई-बुक घेऊ नका. त्यात अक्षर वाढत नाही, प्रत्येक ओळीला पान सरकवावं लागतं. आधी नमुना उघडून बघाच.

खरा वैताग खरेदीचा. आईकडे आयफोन आहे. नमुना संपतो आणि पुढे 'विकत घ्या' हे बटणच नसतं! मग ब्राउझर उघडा, त्याच खात्यानं लॉगिन करा, यूपीआयनं पैसे भरा, परत ॲपमध्ये येऊन पुस्तक उतरायची वाट बघा. यामागं साधा हिशेब आहे. किंमत प्रकाशकानं ठरवायची, दुकानानं 30 टक्के ठेवायचे, ही पद्धत ॲपलनं 2010 मध्ये आयपॅडबरोबर ई-बुकांत आणली. म्हणजे कर सोडून 200 रुपयांच्या पुस्तकात 60 दुकानाचे, 140 प्रकाशकाचे. लेखकाचं मानधन त्या 140 मधूनच. पण हेच पुस्तक दुसऱ्या मोठ्या दुकानानं आयफोनच्या ॲपमधून विकलं, तर ॲपलचं कमिशनही 30 टक्के. दुकानाचे साठच्या साठ तिथंच गेले. म्हणून बटण गायब. अमेरिकेत एप्रिल 2025 च्या कोर्टाच्या आदेशानंतर ॲपमधून बाहेरच्या खरेदीची लिंक देता येऊ लागली, पण तो आदेश तिथल्यापुरताच.

कराचं तर मला अजिबात पटत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकची छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के, नसेल तर 18. आमच्याकडचा नवा कवी छपाईचा खर्च झेपत नाही म्हणून थेट ई-बुक काढतो, आणि सगळ्यात जास्त कर त्याच्याच वाचकानं भरायचा. हा अन्याय आहे.

ई-बुक कागद नसूनही महाग का, असं सगळेच विचारतात. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च तेवढाच राहतो, हे मला मान्य आहे. तरी किंमत छापीलच्या जवळपास असेल तर मी छापीलच घेते; वाचून झालं की शेजारच्या काकूंना देता येतं. निम्म्याच्या आसपास असेल तर ई-बुक, आणि प्रकाशकाच्या स्वतःच्या वेबसाइटवर मिळत असेल तर तिथूनच.