ग्लासी कार्बन की बोरॉनयुक्त हिरा? सोलापूरच्या प्रयोगशाळेसाठी इलेक्ट्रोडची निवड

पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक विभव देऊन द्रावणातून वाहणारा प्रवाह मोजणारे यंत्र) घेऊन झाला की पुढचा प्रश्न कार्यकारी इलेक्ट्रोडचा, म्हणजे ज्याच्या पृष्ठभागावर मोजायची अभिक्रिया घडते त्या इलेक्ट्रोडचा येतो. सोलापुरात तो बहुधा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात, किंवा अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीच्या परिसरातले सांडपाणी तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेत उभा राहतो: सवयीचा ग्लासी कार्बन (काचेसारखा कठीण, गुळगुळीत कार्बन) घ्यावा, की त्याच्या कित्येक पट किंमत मोजून बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा घ्यावा? हा निर्णय रोज टेबलावर येणाऱ्या नमुन्याकडे पाहून घ्यावा असे माझे ठाम मत आहे. चादरी आणि टॉवेलांच्या रंगकामाचे पाणी हाच मुख्य नमुना असेल, तर हिऱ्यावरचा खर्च सार्थकी लागतो.

शुद्ध हिरा विद्युतरोधक असतो. त्याची बँड गॅप (इलेक्ट्रॉन वहनासाठी मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) सुमारे 5.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. मात्र हायड्रोजन आणि थोडा मिथेन यांच्या मिश्रणातून सिलिकॉन किंवा नायोबियमवर हिऱ्याचा थर वाढवताना त्यात बोरॉनचे संयुग सोडले, की साधारण हजार कार्बन अणूंमागे एक या प्रमाणात बोरॉन जाळीत बसतो आणि थर धातूसारखे वहन करू लागतो. हिऱ्याच्या इलेक्ट्रोडवरचे पहिले काम सोव्हिएत संघात प्लेस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केले. विश्लेषणासाठी त्याचा उपयोग पुढच्या दशकात अमेरिकेत स्वेन आणि जपानमध्ये फुजिशिमा यांच्या गटांनी वाढवला.

पाण्याचे विघटन सुरू होण्याआधी हिऱ्यावर साधारण 3 ते 3.5 व्होल्ट रुंदीची खिडकी, म्हणजे मोजणीसाठी वापरता येणारा विभवाचा पट्टा मिळतो, तर ग्लासी कार्बनवर ती 2 ते 2.5 व्होल्टच्या आसपास राहते. त्याहून महत्त्वाचा मला पार्श्वप्रवाह, म्हणजे मोजायचे द्रव्य नसतानाही वाहणारा प्रवाह वाटतो. हिऱ्याची धारिता (पृष्ठभागाची विद्युतभार साठवण्याची क्षमता, जिच्यामुळे हा प्रवाह वाढतो) प्रति चौरस सेंटिमीटर साधारण 10 मायक्रोफॅरडपेक्षा कमी असते आणि ग्लासी कार्बनची तिच्या कित्येक पट. त्यामुळे कोऱ्या द्रावणात हिऱ्यावरचा विभव-प्रवाह आलेख जवळजवळ सपाट येतो आणि कमी संहतीचे लहान शिखरही त्यावर उठून दिसते.

खरा फरक पडतो तो पृष्ठभाग माखण्याच्या बाबतीत. ॲझो रंगांच्या विघटनातून येणारी ॲरोमॅटिक अमाइने आणि फिनॉलवर्गीय द्रव्ये ऑक्सिडीकरणात मुक्तमूलके (अतिशय क्रियाशील रेणू) तयार करतात, ती एकमेकांना जोडली जातात आणि इलेक्ट्रोडवर चिवट बहुवारिक थर बसतो. ग्लासी कार्बनवर ॲनिलिनसारख्या द्रव्याचे शिखर पहिल्या स्कॅनला (विभवाच्या एका फेरीला) उत्तम येते, दुसऱ्याला खाली बसते आणि पुढे ओळखू येईनासे होते. मग इलेक्ट्रोड काढायचा, ओल्या कापडावर 0.05 मायक्रॉनची ॲल्युमिना घेऊन इंग्रजी आठच्या आकारात फिरवत घासायचा, धुवायचा आणि पुन्हा कोरा आलेख तपासायचा. रांगेत बरेच नमुने असले की वेळ यातच जातो, शिवाय प्रत्येकाच्या हाताप्रमाणे पृष्ठभागही थोडा बदलतो. हिऱ्यावर रेणू कमी चिकटतात, म्हणून हा थर सावकाश बसतो. तो अजिबात बसत नाही असे मात्र नाही. बसलाच, तर इलेक्ट्रोड सेलमध्येच उच्च धन विभवावर थोडा वेळ धरल्यास तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलके तो जाळून टाकतात. ही सफाई नमुन्यात करू नये. रिॲक्टिव्ह रंगकामाच्या पाण्यात मीठ भरपूर असते, त्यातील क्लोराइडपासून क्लोरीन तयार होते आणि तेच आपल्या अमाइनांवर हल्ला करते. सफाईसाठी सौम्य सल्फ्युरिक आम्ल वेगळे ठेवावे.

शिसे आणि कॅडमियम यांच्या बाबतीत मी इतक्या खात्रीने हिऱ्याची शिफारस करणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे त्यांच्या मर्यादा अनुक्रमे 0.01 आणि 0.003 मिलिग्रॅम प्रति लिटर आहेत, म्हणजे स्ट्रिपिंग पद्धतीने (धातू आधी इलेक्ट्रोडवर जमवून, मग तो विरघळवताना प्रवाह मोजून) संहतीकरण करावेच लागते. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे क्षपण हिऱ्यावर मंद होते, त्यामुळे तो हाकलण्यासाठी नायट्रोजन सोडण्याची गरज कमी भासते, ही मोठी सोय आहे. पण धातू त्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी विषम बसतो आणि एकाच धातूचे शिखर कधी कधी दुभंगते. पूर्वी या कामासाठी पारा वापरत. त्याच्या विषारीपणामुळे आज बिस्मथचा पातळ थर दिलेला ग्लासी कार्बन हाच कमी खर्चाचा आणि पुरेसा मार्ग आहे.

नॅनोकणांचा किंवा विकराचा (एन्झाइमचा) लेप देऊन संवेदक बनवायचा असेल, तर हिरा घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय, कारण लेपाखाली त्याचे बहुतेक गुण झाकले जातात. डोपामिनसारख्या, पृष्ठभागाशी जवळीक लागणाऱ्या अभिक्रियाही हिऱ्यावर मंद चालतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पांना आणि शिकण्याच्या हातांना ग्लासी कार्बनच योग्य आहे.

हिरा घ्यायचे ठरलेच, तर विक्रेत्याकडे रामन वर्णपट (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारा आलेख) मागावा. 1332 प्रति सेंटिमीटरजवळचे हिऱ्याचे शिखर पाहावे (जास्त बोरॉनमुळे ते थोडे सरकते आणि रुंदावते) आणि 1500 ते 1600 च्या पट्ट्यात ग्राफाइटसारख्या कार्बनची खूण किती आहे तेही पाहावे; ती जितकी जास्त, तितकी खिडकी अरुंद आणि पार्श्वप्रवाह मोठा. बोरॉनचे प्रमाण आणि कडेची सील कशी केली आहे, हेही लेखी घ्यावे, कारण कडेतून द्रावण शिरले की खालच्या आधाराचाच प्रवाह मोजला जातो. पातळ थराला ॲल्युमिनाने घासू नये. धन विभवावर ठेवलेल्या पृष्ठभागावर ऑक्सिजन बसतो, ऋण विभवावर हायड्रोजन, आणि फेरोसायनाइडसारखे साधे द्रव्यही या दोन पृष्ठभागांवर वेगळे वागते. म्हणून रोजची पूर्वप्रक्रिया एकच ठरवून नोंदवहीत लिहावी, आणि इलेक्ट्रोड आल्या दिवशीचा 0.5 मोलर सल्फ्युरिक आम्लातला आलेख त्याच वहीत पहिल्या पानावर चिकटवावा.