जाम घाटाची सायकल सहल : आखणी जाणत्याची, गिअर सपाटीचे

रामबागेतल्या आम्हा चौघांनी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूर ते महेश्वर आणि परत अशी दोन दिवसांची सायकल सहल केली. रोड सायकली भाड्याने देणे, वाटाड्या सोबत पाठवणे, मागून सामानाची गाडी ठेवणे आणि महेश्वरच्या मुक्कामाची सोय पाहणे ही सर्व जबाबदारी शहरातल्या एका लहानशा संस्थेची होती व तिने त्यासाठी माणशी 4,800 रुपये घेतले. आमच्या तक्रारी आम्ही चालकांना समोर बसून सांगितल्या आणि त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या, म्हणून संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. मात्र याच रस्त्याने भाड्याची सायकल घेऊन जाऊ इच्छिणाऱ्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा.

प्रथम मार्गाविषयी, कारण या सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट तीच आहे. इंदुराहून नर्मदेकडे उतरायला सायकलस्वारापुढे तीन वाटा असतात. मानपूरवरून जाणारा आग्रा-मुंबई महामार्ग आणि सिमरोलवरून भेरूघाट उतरणारा खंडव्याचा रस्ता या दोन्हींवर मालमोटारींची इतकी वर्दळ असते की घाटात सायकल घालणे शहाणपणाचे नाही. संस्थेने तिसरी वाट निवडली आहे : राऊ, महू, तेथून घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा, मग घाट उतरून मंडलेश्वर आणि नर्मदेच्या काठाकाठाने महेश्वर. एका बाजूचे अंतर सुमारे 80 किलोमीटर भरते. पहाटे साडेपाचला राजवाड्यासमोरून निघाल्यामुळे राऊचा गर्दीचा पट्टा वाहने वाढण्यापूर्वीच मागे पडला. महूच्या पुढे रस्ता लाटांसारखा खाली-वर होऊ लागतो. सोयाबीनची काढणी चालू असल्याने अर्धा रस्ता वाळवणाने व्यापलेला होता आणि वाटाड्या प्रत्येक खळ्याच्या अलीकडे हात वर करून वेग कमी करायला सांगत होता, याचे कौतुक वाटले.

माळव्याचे पठार उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते आणि दक्षिणेला विंध्याच्या कड्याशी एकाएकी संपते. त्यामुळे इंदुराहून जामपर्यंतची चढण पायांना फारशी जाणवतच नाही. मधल्या उतारांवर दम खाता येतो आणि आपण चढतो आहोत हे दरवाज्यापाशी पोहोचल्यावर कळते. जवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळ यमुनेला आणि पुढे गंगेला मिळते, तर कड्यावरून दक्षिणेला ओघळणारे पाणी नर्मदेतून अरबी समुद्राला जाते. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधवलेल्या जाम दरवाज्याच्या माडीवरून खालचा निमाडचा प्रदेश दिसतो, तेव्हा हा फरक नकाशाशिवाय समजतो. येथे आम्हाला पुरता पाऊण तास दिला गेला. पावसाळ्यातल्या रविवारी या जागी पाय ठेवायला जागा नसते. आम्ही मधल्या वारी गेलो हे बरे झाले.

उतरण्यापूर्वी वाटाड्याने सर्वांना एकत्र उभे केले. वयाने पंचविशीचा असेल, पण सूचना नेमक्या होत्या. "काका, ब्रेक दाबून धरू नका, वळणाच्या आधी दाबा आणि सोडा, दोन्ही एकदम नाही, आळीपाळीने." आमच्या सायकलींना रिमवर घासणारे ब्रेक होते आणि लांब उतारावर ते सतत दाबून ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, हे त्याने खडी पडलेले पहिले वळण दाखवत समजावून सांगितले. पुढे तो, मागे गाडी आणि मध्ये आम्ही, अशा क्रमाने कोणीही न पडता खाली पोहोचलो. घाटाखालचा कापूस-मिरचीच्या शेतांमधला रस्ता मंडलेश्वरपर्यंत जवळजवळ सपाट आहे आणि पहिल्या दिवशी त्याच्याबद्दल बोलण्यासारखे काही घडले नाही. महेश्वरची खोली स्वच्छ होती, जेवण साधे होते, घाट पाच मिनिटांवर होता.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटरवर आणि महेश्वर सुमारे 150 मीटरवर आहे. येताना अलगद अंगाखालून गेलेली ही उंची, आणि तिच्यावर कड्याची आणखी उंची, जाताना एकाच घाटात एकदम चढावी लागते. भाड्याच्या सर्व सायकलींना पुढे 50 आणि 34 दातांची चक्रे होती आणि मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, सर्वांत मोठे चक्र 28 दातांचे होते. ही जोडी उज्जैनच्या रस्त्यासाठी उत्तम आहे. घाटात मात्र हिशेब असा होतो की सर्वांत हलक्या गिअरवर पायडलाच्या मिनिटाला 60 फेऱ्या ठेवायच्या म्हटल्या तरी ताशी साधारण 9 किलोमीटरचा वेग राखावा लागतो. तो राखता आला नाही की फेऱ्या मंदावतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे 34 दातांचे चक्र असते, तर तेवढ्याच फेऱ्यांना साडेसातचा वेग पुरला असता. ऐकायला दीड किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण आमच्यातला रोज तीस किलोमीटर चालवणारा मेहुणाच काय तो न उतरता वर पोहोचला. मी दोनदा उतरलो आणि उरलेले दोघे शेवटच्या टप्प्यात सायकलींसह गाडीत बसले. ज्याने हा मार्ग आखला त्याला उताराची इतकी जाण आहे, त्यानेच चढाच्या सायकली निवडल्या असत्या तर बरे झाले असते. चालकांचे म्हणणे असे की बहुतेक गिऱ्हाईक सपाटीवरचे आहे आणि प्रत्येक सायकलीचे कॅसेट, साखळी आणि कुठे कुठे मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भागही बदलणे परवडत नाही. ते खरे असेल. मग या सहलीपुरत्या चार सायकली वेगळ्या ठेवाव्यात.

दुसरी चूक वेळेची, आणि ती दुरुस्त करायला पैसेही लागत नाहीत. न्याहारी आटोपून निघायला सात वाजले, म्हणून घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. विंध्याची ही बाजू दक्षिणेला तोंड करून आहे. ऑक्टोबरात तिच्यावर सकाळपासून ऊन असते आणि दोन्ही हातांचा काळा दगड तापू लागतो. माणशी दोन बाटल्या पाणी मध्यावरच संपले. गाडीत पाण्याचा साठा होता, केळी आणि मीठ-साखरही होती, त्यामुळे कोणाचे हाल झाले नाहीत, परंतु पहाटे पाचला दिवे लावून निघालो असतो तर पोह्यांची न्याहारी जामला वर पोहोचून करता आली असती.

महूच्या अलीकडे माझ्या मागच्या टायरात बाभळीचा काटा शिरला. वाटाड्याने ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे मोडलेले टोक शोधून काढले. घाईत बहुतेक जण हे विसरतात आणि दहा मिनिटांत दुसरे पंक्चर होते.

डिसेंबरच्या सहलीसाठी आम्ही पुन्हा नावे दिली आहेत. 32 दातांच्या दोन सायकली मिळतील असे चालकांनी कबूल केले आहे आणि अनामत रक्कम देण्यापूर्वी मी ते दात मोजून घेणार आहे.