सेनाची टोलमन, मोनॅको 1984 : 1:43 स्केल मॉडेल घ्यावं का?

आधी मुद्द्याचं सांगतो, ब्राझीलच्या आयर्टन सेनाने मोनॅकोच्या फॉर्म्युला वन रेसला चालवलेल्या टोलमन गाडीचं हे छोटं मॉडेल चांगलं आहे पण किंमत बघून जरा दचकायला होतं, आणि ज्याला ही रेसच माहीत नाही त्याने एवढ्या पैशात दुसरं काहीतरी घ्यावं, कारण शेल्फवर ठेवली की ही गाडी फेरारीसारखी डोळ्यात वगैरे भरत नाही. पांढरा-निळा-लाल रंग, 19 नंबर, मागे एकापुढे एक अशा दोन विंग (आडवे पंख). घरी आलेल्या पाहुण्याने "ही कुठली गाडी" विचारलं की मग अर्धा तास आपला, हे धरून चाला.

मी एका ऑनलाईन दुकानातून मागवलं, नाव घेत नाही कारण पॅकिंग भंगार होतं, बाहेरचा खोका एका कोपऱ्यात चेपलेला आणि आत बबल रॅप नावापुरता. मॉडेल बेसला स्क्रूने घट्ट बसवलेलं असतं म्हणून वाचलं. उजवा आरसा तेवढा वाकडा आला, तो चिमट्याने हळूच सरळ केला, जोर लावला असता तर गेलाच असता.

आता जवळून बघू. सगळ्यात भारी काम झालंय हेल्मेटवर, पिवळ्यावर हिरवा आणि निळा पट्टा, कडा एकदम स्वच्छ, भिंगाखाली धरलं तरी रंग कुठे पसरलेला दिसत नाही. विंगवरचं सेगाफ्रेडो हे स्पॉन्सरचं नाव नीट वाचता येतं. मागच्या दोन विंगमध्ये थोडीशी फट असते ती पण बरोबर धरलीये, स्वस्तातल्या मॉडेलवाल्यांना हे कधीच जमत नाही, सगळं एकच ठोकळा करून टाकतात. आणि टायर! पावसाचे, खाचांचे टायर दिलेत, हेच तर पाहिजे होतं. फक्त रबर फार चकचकीत आहे, आणि गाडी अगदी शोरूममधून काढल्यासारखी कोरी करकरीत. अहो त्या दिवशी मोनॅकोत जे पाणी उडत होतं त्यात पांढरा रंग पांढरा राहिला असेल का, थोडा चिखलाचा हात मारला असता तर जास्त पैसे दिले असते मी.

रेस माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात (थोडक्यात जमेल असं वाटत नाही). 3 जून 1984, पाऊस एवढा की स्टार्टच पाऊण तास लांबला. बोगद्याच्या आत रस्ता कोरडा, बाहेर तळं, म्हणून मॅक्लारेनचा ड्रायव्हर निकी लाउडा याच्या सांगण्यावरून बोगद्यातही पाणी मारलं. सेनाचं फॉर्म्युला वनमधलं पहिलंच वर्ष, सुरुवात 13 व्या नंबरवरून, गाडी टोलमन टीजी184. डिझाईन रोरी बर्नचं, तोच जो पुढे शूमाखरच्या बेनेटन आणि फेरारी गाड्यांमागे होता. इंजिन हार्टचं टर्बो, कोरड्या रस्त्यावर मॅक्लारेनपुढे त्याचा निभाव लागला नसता, पण पावसात ताकद जमिनीवर उतरवता आली पाहिजे ना, तिथे सगळे एका पातळीवर येतात. नायजेल मॅन्सेल लोटसमध्ये सगळ्यात पुढे होता, तो कसिनोच्या चढावर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर घसरला आणि रेसमधून बाहेर गेला. सेनाने लाउडाला मागे टाकलं आणि मग आता पहिल्या नंबरवर असलेल्या, मॅक्लारेनच्याच अ‍ॅलन प्रोस्टच्या मागे असा लागला की 19 व्या लॅपला 34 सेकंदांच्या आसपास असलेलं अंतर 31 व्या लॅपला साडेसात सेकंदांच्या आत आलं. प्रोस्ट तर लाईनजवळून जाताना हात हलवून रेस थांबवा म्हणून खुणा करत होता. 32 व्या लॅपला रेसचा प्रमुख अधिकारी जॅकी इक्स याने रेस थांबवायचा लाल झेंडा दाखवला, प्रोस्टने लाईनच्या आधीच वेग कमी केला, सेना त्याच्या पुढून सुसाट गेला आणि त्याला वाटलं जिंकलो. पण निकाल 31 व्या लॅपचा धरला, झालं.

यावर आपल्याकडे सगळे एकच पालुपद लावतात, सेनाला लुटलं. बॉक्सच्या मागे पण तसाच काहीसा मजकूर छापलाय, तिथे मी नाक मुरडलं. हिशोब करा की जरा. निम्मीही रेस झाली नाही म्हणून गुण निम्मे, प्रोस्टला 9 ऐवजी साडेचार. रेस पूर्ण झाली असती आणि तो दुसरा आला असता तरी त्याला 6 मिळाले असते, आणि वर्षाअखेर चॅम्पियनशिप तो लाउडाकडून हरला अर्ध्या गुणाने, 72 विरुद्ध 71.5. लाउडा तर या रेसमधून आधीच घसरून बाहेर गेला होता. म्हणजे ज्याच्यासाठी रेस थांबवली म्हणून लोक बोंबलतात त्याचंच त्यात वाटोळं झालं. इक्सला स्टुअर्ड्सना (रेसच्या पंचांना) न विचारता झेंडा दाखवल्याबद्दल नंतर दंड झाला तो वेगळाच.

आणि तिसऱ्या गाडीचं नाव कुणी घेतच नाही. स्टेफान बेलोफ, टायरेल, सुरुवात सगळ्यात शेवटून म्हणजे 20 व्या नंबरवरून, बिनटर्बोचं कॉसवर्थ इंजिन, आणि तो सेनापेक्षाही जोरात येत होता. आणखी दहा-पंधरा लॅप झाले असते तर पोडियमचा क्रम काय असता यावर माझं आणि माझ्या मित्राचं अजून वाजतं. पुढे वजनाच्या भानगडीवरून टायरेलचे त्या वर्षीचे सगळे निकालच पुसले, त्यात बेलोफचं तिसरं स्थान पण गेलं. आणि 1985 मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पोर्शे चालवताना तो गेला, धडक झाली ती इक्सच्याच गाडीशी.

त्यामुळे एकटी टोलमन ठेवली की मला जरा अर्धवट वाटतं. कंपनीने या रेसचा तीन गाड्यांचा सेट काढावा, मॅक्लारेन, टोलमन, टायरेल, मी पहिल्या दिवशी पैसे भरतो.

पाचपैकी चार. अर्धा स्टार चकचकीत टायरसाठी कापला, अर्धा बॉक्सवरच्या रडगाण्यासाठी. घेणार असाल तर दुकानदाराकडून पाठवण्याआधी दोन्ही आरशांचा फोटो मागून घ्या, आणि डिस्प्ले केसचं झाकण कापडाने कोरडं पुसू नका, पहिल्याच फटक्यात ओरखडे येतात. बेलोफची टायरेल याच स्केलमध्ये कुठे मिळत असेल तर खाली सांगा.