नागपुरात 'शुद्ध नीम तेल' म्हणून बिनलेबलची बाटली विकून राहिले, घेऊ नका

कुंड्यांची रोपं विकणाऱ्या गाड्यांवर छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत 'शुद्ध नीम ऑइल, शंभर टक्के ऑरगॅनिक' म्हणून जे मिळतं ना, ते कृपा करून घरात आणू नका. माझ्या क्रोटनला पिठ्या ढेकूण (झाडावरची पांढरी, कापसासारखी कीड) लागला होता, गोकुळपेठ मार्केटजवळ एका गाडीवाल्याने 250 रुपये घेऊन बाटली दिली, म्हणे ताई बिनधास्त मारा, लेकरं असली तरी काही होत नाही.

घरी झाकण उघडलं तर असा उग्र वास की सासूबाईंना मळमळायला लागलं. थोडंसं पाण्यात टाकलं तर लगेच दुधासारखं पांढरं. अरे, नुसतं नीम तेल साबणाशिवाय पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं, अन् थंडीत घट्ट होतं, हे तर डिसेंबरात पाण्यासारखं पातळ! दीर काटोलकडे शेती करतात, ते वास घेताच म्हणाले, "वहिनी, हे कपाशीवर मारायचं औषध वाटून राहिलं, खिडक्या उघडा आधी." 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, उघड्या वावरात ही गत, मग बंद हॉलमध्ये लेकरांजवळ काय झालं असतं? गाडीवाला दुसऱ्या दिवशी सरळ म्हणतो, मी दिलीच नाही, बिल दाखवा.

नीमचं असलं तरी कीटकनाशक म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी अन् परवाना लागतो. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, एक्सपायरी, अझाडिरॅक्टिन (नीममधलं कीड मारणारं द्रव्य) किती ते, अन् विषारीपणाचा रंगीत त्रिकोण बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बाटली मोरीत ओतू नका, पिशवीत बांधून लेकरांपासून दूर ठेवा अन् कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे तक्रार करा, मी केली आहे.

अन् क्रोटनचं म्हणाल तर कुंडी बाकीच्यांपासून वेगळी केली, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक कीड पुसली, मग लेबलवालं नीम तेल लिटरला 5 मिली, भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, आधी एकाच पानावर मारून बघितलं. देठाच्या बेचक्यात अन् पानाच्या मागे नीट बघा, पांढऱ्या कापसात अंडी असतात, ती राहिली की परत सुरू होतं, म्हणून दर आठवड्याला बघत जा.