शंभराच्या स्टॅम्पवरचा घटस्फोट

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर हाताखालून स्टॅम्पच जातात. कर्जाचे करारनामे, जामीनदारांची हमीपत्रं, कुणाच्या जमिनीची ईसारपावती. आमच्या मराठवाड्यात स्टॅम्पवर लिहिलं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या आणि नोटरीचा लाल शिक्का बसला की ती गोष्ट पक्की. त्याच सवयीनं मी धाकट्या बहिणीचं लग्नही स्टॅम्पवर मोडून आणलं. ते मोडलंय असं धरून आम्ही पावणेतीन वर्षं काढली, आणि ते मोडलेलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या काउंटरवर एक बाप पोरीच्या सोडचिठ्ठीसाठी मुदतठेव मोडायला आला. कुणाकडून करून घेताय, असं विचारलं. त्यानं ज्या माणसाची खूण सांगितली तो माझ्या चांगल्याच ओळखीचा निघाला. म्हणून हे लिहायला बसलो.

बहिणीचं लग्न मे २०१७ मध्ये झालं. का बिनसलं ते लिहीत नाही, तो तिचा विषय आहे. २०१८ च्या दिवाळीला ती माहेरी आली ती परत गेली नाही. दोन बैठका झाल्या, एक आमच्या ओसरीवर, एक तिकडं मारुतीच्या पारावर. दोन्हीकडची माणसं थकली आणि ‘काय ते एकदाचं मिटवून टाका’ यावर सगळ्यांचं एकमत झालं.

जून २०१९. पेरणीची घाई. तालुक्याला कोर्टाच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एकाकडं चुलत्यानं नेलं. टेबलावर टाइपरायटर, शाईचा पॅड, स्टॅम्पचा गठ्ठा, आणि खुर्चीच्या पाठीला टांगलेला काळा कोट. तो कोट त्याच्या अंगात मी एकदाही पाहिला नाही. ‘मी वकील आहे’ असंही तो कधी म्हणाला नाही, हे आता आठवतं. ‘आपलं आतमध्ये चालतं’ एवढंच म्हणायचा, आणि मान फाटकाकडं वळवायचा.

त्याच्या बोलण्यात निम्मं खरं असायचं, तिथंच आम्ही फसलो. ‘आपल्या तालुक्यात फॅमिली कोर्ट आहे का?’ नाही, हे खरं. ‘मग घटस्फोट देणार कोण? म्हणून खेड्यापाड्यातली माणसं नोटरीकडं करतात.’ जिथं कुटुंब न्यायालय नसतं तिथं हिंदू विवाह कायद्याचे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढं चालतात. ते कोर्ट त्याच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडं रोज भरत होतं.

मग म्हणाला, ‘केस टाकायचीच तर दाजींच्या गावाकडं टाकावी लागेल.’ म्हणजे आमच्यापासून एकशेऐंशी किलोमीटर, दर तारखेला एक दिवस जायला आणि एक यायला. बायको सध्या जिथं राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो, ही दुरुस्ती कायद्यात २००३ सालीच झाली. आम्हाला कुठं ठाऊक?

तिसरी गोष्ट त्यानं हळू आवाजात सांगितली. ‘आपल्यात काडीमोड पूर्वीपासून चालत आलाय. कायद्यानंही रूढी मान्य केलीय.’ हेही अर्धं खरं आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलीय. पण ती रूढी त्या समाजात फार जुनी आणि अखंड चालत आलीय, हे वाद उठला की कोर्टात पुराव्यानिशी शाबीत करावं लागतं, ते ओझं सांगणाऱ्याच्या डोक्यावर. आमच्या भावकीत गेल्या तीन पिढ्यांत कुणी काडीमोड घेतल्याचं आजीलाही आठवत नव्हतं. तरी मी मान डोलावली.

बहीण मागच्या बाकड्यावर बसली होती. ती म्हणाली, ‘दादा, जज्जापुढं नाही का जावं लागत?’

‘तू गप बस,’ मी म्हणालो. या सगळ्या प्रकरणात बरोबर प्रश्न विचारणारी ती एकटी होती.

कागद तयार झाला. तेव्हा शंभराचा स्टॅम्प चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागतो. वर ‘सोडचिठ्ठी लेख’. खाली, ‘आम्ही उभयता राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणतीही नशापाणी न करता व कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देतो की...’ ही भाषा मी रोज वाचतो, जमिनीच्या कागदांत हीच असते. पुढं ‘यापुढे आम्ही एकमेकांस बहीण-भाऊ मानू’ असंही होतं. त्यावर दाजींचा भाऊ हसला आणि मग कुणीच हसेना. तिसऱ्या परिच्छेदात, सगळ्यात बारीक टायपात, ‘लिहून देणार हिचा पोटगी, स्त्रीधन व इतर कोणत्याही हक्कासाठी काहीएक उजर राहणार नाही.’ कर्जदारानं सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचायला लावणारा मी, ती ओळ मी डोळ्यांखालून घातली आणि पान उलटलं. दीड तोळ्याची पोत आणि भांडी तिकडंच राहिली.

नोटरीसाहेबांच्या पडवीत पाच मिनिटं गेली. रजिस्टरात सह्या, अंगठे, लाल शिक्का, तिकीट. कागदावर हातानं एक नंबर आणि ‘/२०१९’ लिहिलेलं. ‘हा तुमचा केस नंबर, जपून ठेवा,’ असं तो म्हणाला, आणि मी तो डायरीत लिहून ठेवला. नोटरीच्या रजिस्टरातला अनुक्रमांक होता तो. आठवड्यानं एका स्थानिक पेपरात आतल्या पानावर ‘जाहीर नोटीस’ छापून आली, दोघांची नावं आणि फारकत झाल्याचं. तेव्हा तर शंकाच उरली नाही. पेपरात आलं ना!

आमच्याकडून घेतले पंचावन्न हजार. ‘आत द्यावे लागतात, समोरच्या पार्टीचं तोंड बंद करावं लागतं.’ पावती नाही. आईच्या नावची ठेव मोडली होती, माझ्याच सहीनं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एक बरं स्थळ आलं. मुलाचा मामा कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेला. चहा झाल्यावर त्यांनी सहज म्हटलं, ‘डिक्रीची, कोर्टाच्या हुकूमनाम्याची नक्कल बघू.’ मी प्लास्टिकच्या पिशवीतून स्टॅम्प काढून दिला. त्यांनी तो वाचलाच नाही, उलटा करून मागची बाजू बघितली. मग पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा.

‘नक्कल विभागाच्या तारखा कुठायत?’ ते म्हणाले. खऱ्या प्रमाणित नकलेवर नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, या तारखा असतात, कोर्टाचा गोल शिक्का असतो, न्यायाधीशांचं नाव असतं, अर्जाचा क्रमांक असतो. मोबाइलमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप काढून ते म्हणाले, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे केसचा खरा नंबर सांगा, नसेल तर पक्षकाराचं नाव टाकतो. दाजींचं नाव टाकलं. काहीच निघालं नाही.

त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. ‘पावणं, तुमची बहीण अजून नांदती बाई आहे. हे लग्न लागलं असतं तर तिच्यावर गुन्हा झाला असता.’ पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं, आता न्याय संहितेत ते ८२ झालंय. आणि ते दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. स्थळ गेलं. पण त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला तालुका विधी सेवा समितीच्या खोलीत नेलं. कोर्टाच्या आवारातच आहे ती, लिंबाखालच्या टेबलापासून मोजून सत्तर पावलं. मी खरंच मोजली.

तिथं कळलं की बाईला वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. भाऊ पतसंस्थेत कॅशियर असला तरी नाही. (ज्यांना तालुक्याला जाणं जमत नाही त्यांनी १५१०० वर फोन करावा.) महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या कामात बाईला कोर्ट फीसुद्धा माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेपासून. पंचावन्न हजारांत जे झालं नाही ते फुकटात होणार होतं.

मिळालेल्या वकीलबाईंनी स्टॅम्प बघून एवढंच विचारलं, ‘पोटगी सोडल्याचं वाचून सही केली होती का?’ बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, ‘असू द्या. पोटगीचा हक्क असा लिहून देता येत नाही, कोर्ट असल्या अटीला धूप घालत नाही.’

दाजींकडं निरोप पाठवला तेव्हा मला भांडणाची अपेक्षा होती. त्यांचंही दुसरं लग्न ठरत आलं होतं आणि तेही तोच कागद दाखवत फिरत होते. त्यांचा भाऊ भेटायला आला. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो, तीन वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, ‘तुम्हाला गप करायला म्हणून आमच्याकडून चाळीस घेतले होते त्यानं.’ मी म्हणालो, ‘आमच्याकडून पंचावन्न, तुम्हाला गप करायला.’ चहा गार होईपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

जुलैमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज एकत्र दाखल केला. या कलमाला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, आमचं साडेतीन झालं होतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जोडपं दीड वर्षाहून जास्त वेगळं राहत असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगीबिटगीचं सगळं ठरलेलं असेल तर कोर्ट ही सहा महिन्यांची मुदत माफ करू शकतं. वकीलबाईंनी तसा वेगळा अर्ज दिला. कोर्टानं आधी दोघांना मध्यस्थीला पाठवलं. पोत आणि भांडी परत आली, एकरकमी दोन लाखांचा डीडी ठरला. साहेबांनी बहिणीला एकटीला विचारलं, ‘कुणाच्या सांगण्यावरून करतेस का?’ ती स्पष्ट म्हणाली, ‘नाही साहेब. मागच्या वेळी केलं होतं.’ दिवाळीनंतर नोव्हेंबरात हुकूमनामा झाला. ‘दहा वर्षं लागतील’ असं लिंबाखाली सांगितलेलं काम पाच महिन्यांत झालं. भांडणाची केस असती तर वर्षं गेली असती, हे मान्य. पण आमच्यात भांडण उरलंच नव्हतं, तिथं त्या माणसाची गरजच काय होती?

नोटरीलाही मी विचारायला गेलो. म्हणाले, मी फक्त सह्या ओळखल्या, मजकूर माझा नाही. २०२४ साली केंद्राच्या विधी खात्यानं नोटरींना लेखी बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद नोटरी करायचे नाहीत, तो त्यांचा अधिकारच नाही. तो बाप काउंटरवर आला तेव्हा मी त्याला हेच पत्र मोबाइलवर दाखवलं आणि सत्तर पावलांवरची ती खोली सांगितली. त्यानं ठेव मोडली नाही.

राहिले पैसे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. आधी ‘हे दिवाणी आहे’ म्हणाले. दाजींच्या भावानंही अर्ज दिल्यावर लिंबाखालच्या त्या माणसाला बोलावून घेतलं. तो हात जोडून उभा. पाच हजार तिथंच टेबलावर ठेवले, महिन्याभरानं अजून पाच आणून दिले. बाकीच्यासाठी मुदत मागितली. हवालदारांनी विचारलं, ‘देशील कशावरून?’

‘लिहून देतो की साहेब,’ तो म्हणाला, आणि पिशवीतून शंभराचा कोरा स्टॅम्प काढला.